तोकड्या पायाचा मागचा बाक

मित्रांनो, चर्चमध्ये शिरलं की माणसाची नजर आधी पुढे जाते. पुढे क्रूस असतो, फुलं असतात, पाळकसाहेबांचं उंच व्यासपीठ असतं. मागे वळून कोणी बघत नाही, म्हणून माझी ओळख मलाच करून द्यावी लागते. दाराजवळ, चपला काढतात तिथे, जो शेवटचा जुना बाक होता, तो मी. हल्ली मी तिथेही नसतो, पण ते नंतर सांगतो. वयानं मी पुढच्या बाकांच्या बरोबरीचा आहे. ते अजून चकचकीत दिसतात, माझा रंग मात्र पार उडाला आहे. त्यांच्यावर गाद्या आहेत. माझ्यावर कधी नव्हत्या.

आम्हा सगळ्या भावंडांना एकाच सुतारानं एकाच लाकडातून घडवलं. सुतार कामाला चोख, पण त्याच्या मागे एकसारखी घाई लावलेली. चर्चच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते. त्यांच्या स्वागताची जबाबदारी एका तरुण पंचाकडे होती. चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळींना आमच्याकडे पंच म्हणत. हा तरुण पंच दर तासाला येऊन सुताराच्या डोक्यावर उभा राहायचा. त्या गडबडीत सुताराच्या हातून माझा एक पाय बोटभर जास्त कापला गेला. सुतार हळहळला. म्हणाला, "साहेब, हा उद्या नीट करून देतो."

"राहू दे," तरुण पंच म्हणाला, "मागे टाक. मागे कोण बघतंय?"

असा मी मागे आलो. हाच तरुण पंच पुढे सगळ्यांचा पुढारी झाला. लोक त्यांना मोठे पंच म्हणू लागले.

त्या तोकड्या पायामुळे मला एक खोड लागली. दाराकडच्या टोकाला एकटं कोणी बसलं की मी कलंडतो आणि जमिनीवर टक् असा आवाज होतो. दुसऱ्या टोकाला कोणी बसलं की मी स्थिर. शांत प्रार्थना चालू असताना माझी टकटक झाली की पुढच्या बाकांवरच्या माना वळायच्या. कोणालाच ते आवडत नसे. मग पंचांनी यातूनही सोय काढली. ज्यांच्या हातून काही चूक झाली आहे, ज्यांना प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढे यायची बंदी आहे, त्यांनी माझ्यावर बसायचं असं ठरलं. मला नाव पडलं 'शिस्तीचा बाक'. जो बसेल त्याची वर्दी मीच देणार, आणखी काय हवं!

मित्रांनो, तुम्हाला वाटेल माझ्यावर मोठमोठे पापी बसले असतील. तसं काही नाही. उपासना चुकवून सिनेमाला गेलेलं एक जोडपं बसलं. मुलीचं लग्न तिच्या मर्जीनं, भलत्याच घरात लावून दिलेले एक काका बसले. मोठ्या पंचांच्या धाकट्या भावानं पिऊन भर रस्त्यात धिंगाणा घातला, तेव्हा मात्र त्याची तब्येत बरी नसते असं ठरलं आणि तो पुढच्या गादीवरच राहिला. तब्येतीचा वास दाराशी, माझ्यापर्यंत यायचा.

माझ्यावर सगळ्यात जास्त बसली ती इस्त्रीवाली मावशी. मारकुट्या नवऱ्याला सोडून ती एका दुसऱ्या माणसाच्या घरी राहायला गेली होती. तो माणूस भला होता, पण लग्न झालेलं नव्हतं. पंचांनी तिला मागे बसवलं. ती रागावलीही नाही आणि यायची थांबलीही नाही. दर रविवारी कपड्यांचं गाठोडं माझ्याखाली सरकवायची, माझ्या आतल्या टोकाला बसायची आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गाणी म्हणायची. सुरात नव्हे, मोठ्यानं.

आणि मग मास्तर आले.

मास्तर शाळेत भूमिती शिकवत. त्यांची जागा पुढून दुसऱ्या बाकावर, बायको आणि मुलगी शेजारी. विश्वासाची कबुली म्हणायची वेळ आली, म्हणजे आपण काय काय मानतो ते ओळीओळीनं सगळ्यांनी मिळून म्हणायचं, की मास्तरांचा आवाज सगळ्यात स्पष्ट. मग त्यांची बायको अंथरुणाला खिळली. दर रविवारी मोठे पंच तिच्यासाठी प्रार्थना करत. काय त्यांची प्रार्थना! शब्द असे लोण्यासारखे की बायका डोळे पुसत. प्रार्थना इतकी लांब की पुढच्या बाकावरचं एखादं बाळ तेवढ्यात झोपून उठायचं. बाहेर पडताना प्रत्येक जण मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणायचा, "प्रार्थनेत आठवण ठेवतो हं!"

पुढचं मी पाहिलेलं नाही. माझ्यावर बसून मास्तर जे बोलले त्यातून मला कळलं. आठवण सगळ्यांनी ठेवली, पण घरी कोणी आलं नाही. मोठे पंच दोन घरं सोडून राहत. त्यांच्या दारावरून जाताना मास्तरांना आतल्या प्रार्थनेत आपल्या बायकोचं नाव ऐकू यायचं. दार मात्र उघडत नसे. शाळेतून सुटून धावत घरी येईपर्यंत ती एकटी पडून असायची. एक दिवस कपडे द्यायला इस्त्रीवाली मावशी आली, तिनं खोलीतली अवस्था पाहिली आणि गाठोडं खाली ठेवलं. त्या दिवसापासून दुपारी ती येत राहिली. आजारी बाईला आंघोळ घातली, वेणी घातली, पेज भरवली. अशाच दुपारी बसून, उशांना टेकून मास्तरांच्या बायकोनं एक पांढरं झबलं शिवलं. मुलीचं एव्हाना लग्न झालं होतं, तिला दिवस गेले होते आणि पोटुशीनं आजाऱ्याच्या खोलीत जायचं नाही अशी सासरची ताकीद होती. "बाळाला माझ्या हातचं झबलं घाला," ती मास्तरांना म्हणाली, "आणि बाप्तिस्म्याला तुम्हीच पुढे घेऊन जा." बाळ जन्मायच्या आधीच ती गेली.

अंत्यविधीनंतर मोठ्या पंचांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "विश्वास कुठे तरी कमी पडला हो. नाही तर प्रार्थना वाया जात नाही."

त्याच्या पुढच्या रविवारी मास्तर दुसऱ्या बाकाशी थांबलेच नाहीत. सरळ मागे आले आणि दाराकडच्या टोकाला बसले. त्यांना कोणीही मागे पाठवलं नव्हतं. मावशी अजून यायची होती, दुसरं टोक रिकामं, त्यामुळे मी टक् केलं. सगळ्या माना वळल्या. आणि कबुलीच्या वेळी मास्तर उभे राहिले, पण ओठ मिटून.

मावशीच्या नजरेतून ते सुटलं नाही. उपासना संपल्यावर तिनं विचारलं, "काय हो मास्तर, घसा बसला?"

"घसा नाही, मावशी. कबुलीचे शब्द तोंडातून निघत नाहीत. मी शाळेत सांगतो, सिद्ध करता आलं नाही तर तसं लिहा, उत्तर ठोकून देऊ नका. मग इथे येऊन मी काय करतो? तो सगळं ऐकतो म्हणतात. ऐकत असेल तर तिचं का नाही ऐकलं? आणि ऐकत नसेल तर माझ्या विश्वासात खोट कशी काढतात? येशूच्या गोष्टी मला अजून आवडतात. तो कुष्ठरोग्याला हात लावायचा, नुसती आठवण ठेवायचा नाही. पण त्याच्या नावानं हे जे सगळं चाललंय ते खरं आहे का, तो तरी आहे का, मला ठाऊक नाही. आणि ठाऊक आहे असं मला म्हणवत नाही."

मावशीनं थोडा विचार केला. "तुमचं बरंय. शंका घ्यायला तुमच्याकडे वेळ आहे. मला रोज सकाळी इस्त्री तापेपर्यंत कोणाशी तरी बोलायला लागतं."

"मग तो ऐकतो?"

"ते काही ठाऊक नाही बाई. पण मध्ये बोलत नाही." आणि ती गाठोडं उचलून चालू लागली.

मास्तर हसले. कितीतरी दिवसांनी त्यांना हसू आलं होतं.

नंतर बाळ जन्मलं, मुलगी झाली. आता खरी पंचाईत आली. मास्तरांची मुलगी मोठ्या पंचांच्या घरी दिलेली होती, म्हणजे पंच हे मास्तरांचे व्याही. आणि आमच्या चर्चमध्ये एक रीत होती. बाळाला आईच्या वडिलांनी हातात घेऊन पुढे यायचं, विश्वासाची कबुली एकट्यानं खणखणीत म्हणायची आणि मगच बाळ पाळकसाहेबांच्या हाती द्यायचं. मास्तरांनी बायकोला शब्द दिला होता. पण कबुली म्हटल्याशिवाय बाळ घेऊन पुढे कसं जायचं, आणि म्हणायची तर मनात नसलेलं कसं म्हणायचं?

व्याही गाठायला आले तेही माझ्यापाशीच. "मास्तर, उगाच शोभा करू नका. मनात काय आहे ते देव बघून घेईल. लोकांना तोंड दिसतं."

एका दुपारी पाळकसाहेब एकटेच आले आणि मास्तरांशेजारी बसले. चांगला माणूस, पण घाबरट. "तुम्हाला पडतात ते प्रश्न मलाही पडतात," ते हळूच म्हणाले. "मी ते व्यासपीठाच्या पायरीशी ठेवतो आणि वर चढतो. उतरताना पुन्हा उचलतो."

"जड नाही होत?" मास्तरांनी विचारलं. पाळकसाहेब उठून चपला शोधू लागले.

शेवटी मुलगी आली. ओली बाळंतीण, चेहरा उतरलेला. "बाबा, मला त्याच घरात राहायचंय. तुम्ही गप्प राहिलात तर बोलणी मला खावी लागतील. नुसतं तोंडानं म्हणा ना. आईसाठी तरी." मास्तर तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. त्यांना रडू आवरेना. मला तेव्हा मनापासून वाटलं, म्हणा बापडे, काय जातंय! लाकडाचं मन आहे माझं, त्याला काय कळणार?

बाप्तिस्म्याचा रविवार उजाडला. चर्च गच्च भरलं. मावशी झबलं घेऊन आली. तिनं त्याची चुणी न् चुणी इस्त्री केली होती. मोठ्या पंचांनी दारातच झबलं तिच्या हातून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाले, "आज पाहुणे आहेत. तू बाहेरच थांब, हं?" ती बाहेर थांबली. मास्तरांनी ते पाहिलं. मला वाटतं, तोवर त्यांचं काही ठरलेलं नव्हतं.

बाळाला घेऊन ते पुढे गेले. झबलं इतकं लांब की त्यांच्या मनगटाखाली लोंबत होतं. त्यांनी कबुलीची सुरुवात केली, जुन्याच स्पष्ट आवाजात, आणि पहिल्याच ओळीत थांबले.

"माफ करा," मास्तर म्हणाले, "हे मला पूर्वी म्हणता येत होतं, आता येत नाही. आणि या पोरीच्या आयुष्याची सुरुवात मी खोटं बोलून करणार नाही. मला जेवढं खात्रीनं म्हणता येतं तेवढं म्हणतो. ही पडली तर मी उचलीन. ही आजारी पडली तर मी येईन. नुसती आठवण ठेवणार नाही. येईन."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. मोठे पंच मात्र ताडकन उठले. त्यांनी व्याह्यांच्या हातून बाळ जवळजवळ ओढून घेतलं आणि सगळी कबुली अशी म्हटली की खिडक्यांच्या काचा हादरल्या. एक शब्द चुकला नाही. पाणी शिंपडलं गेलं, बाळ रडलं, गाणं सुरू झालं.

मास्तर मधल्या वाटेनं मागे आले. वाट किती लांब असते ते मला त्या दिवशी समजलं. ते दाराकडच्या टोकाला बसले. मावशी बाहेर होती, दुसरं टोक रिकामं. मी नको नको म्हणत असतानाही कलंडलो. टक्. गाण्यातूनही तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला. माना वळल्या आणि पुन्हा पुढे झाल्या.

मग पहिल्या बाकावरून मास्तरांची मुलगी उठली. सासऱ्यांनी काहीतरी दटावलं, पण ती थांबली नाही. बाळाला छातीशी धरून ती सगळे बाक ओलांडत मागे आली, दारातून वाकून म्हणाली, "मावशी, आत या," आणि माझ्या दुसऱ्या टोकाला बसली. मी स्थिर झालो. मावशी मधे बसली.

"बाबा, धरा हिला," मुलगी म्हणाली. "झबलं ओलं झालंय."

मित्रांनो, पुढच्या आठवड्यात पंचांनी मला उचलून बाहेर नळापाशी टाकलं. शिस्तीचा बाकच नको म्हणाले. मला वाटलं आता माझं सरपण होणार. पण दर रविवारी मास्तर येतात आणि माझ्यावर बसतात. आतली उपासना बाहेरून ऐकतात. कबुलीला अजूनही गप्प असतात. पण गाणं सुरू झालं की त्यांचा पाय ताल धरतो. मुलीनं बोलणी खाल्ली, पुष्कळ खाल्ली. तरी उपासना संपली की ती आधी नळापाशी येते. मावशीही येते. तिला आत बसायची मुभा मिळाली आहे, पण आत हवा लागत नाही म्हणते. मधूनमधून पाळकसाहेब पाणी प्यायला म्हणून येतात आणि बराच वेळ पाणी पितात. आणि ती झबलंवाली पोर आता चालते. मुद्दाम माझ्या दुसऱ्या टोकावरून खाली उडी मारून आजोबांना कलंडवते आणि टाळ्या पिटते.

ऊनपावसानं माझी फळी उकलू लागली आहे. कोणी थोडं तेल लावलंत तर उपकार होतील. पाय मात्र सरळ करू नका, खाली दगडही सरकवू नका. वाजू दे मला. आणि तुम्ही कधी पुढच्या गादीवर बसला असाल, तुमची प्रार्थना अगदी रंगात आली असेल आणि मागून टक् असा आवाज आला, तर नुसती मान वळवू नका. उठून या.