न्यालिंगचा तरवा

आई गेली तेव्हा तिचा भाताचा तरवा वीतभर वाढला होता. घरामागच्या उंचवट्यावर तिनं तो पावसाच्या पाण्यावर टाकला होता. लावणी व्हायची होती खाली, नदीकाठच्या खाचरात, नदीचं पाणी गोडं झालं की.

गांबिया म्हणजे एक नदी आणि तिचे दोन काठ. जमीन इतकी सपाट, की समुद्राला आत यायला कुणी अडवत नाही. कोरड्या महिन्यांत खारं पाणी आमच्या गावाच्याही वर चढतं. मग दूर, दुसऱ्यांच्या देशातल्या डोंगरांत पाऊस पडतो आणि नदी समुद्राला हळूहळू मागं रेटते. तोवर बाया रोज काठावर जाऊन पाणी जिभेवर घेतात आणि थुंकतात.

भाताची खाचरं आमच्यात आईकडून लेकीकडे येतात. म्हणून दफनानंतर मी राजधानीला, बांजुलला परतले नाही. मी शिकवते त्या शाळेत रजा कळवली आणि रोज सकाळी पाणी चाखायला जाऊ लागले. ते खारंच होतं.

एके दिवशी नदीच्या वरच्या अंगाच्या गावातून तिडामावशी आली. सख्खी नव्हे, मानलेली. तिच्या आणि आमच्या घराण्यात थट्टेचं नातं आहे. एकमेकांना गुलाम म्हणायचं, चोर म्हणायचं. मयताच्या घरीही ते चुकवायचं नाही. मयताच्या घरी नेतात त्या कोलाच्या कडू बिया पुढ्यात ठेवून ती चटईवर बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "कुठं गेली ती आमची गुलाम न्यालिंग? लावणी जवळ आली की पळायचीच. यंदा तर पार जमिनीखाली जाऊन लपली!"

जमलेल्या बाया हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता आई गेल्यापासून पहिल्यांदा रडले.

"रड बाई, रड," मावशी म्हणाली. "फक्त खाचरात जाऊन रडू नकोस. तिथं आधीच मीठ काय कमी आहे?"

मग ती मागं जाऊन तरवा बघून आली. "पिवळा पडायला लागलाय, सिरे. कशाची वाट बघतेस?"

"पाणी गोडं व्हायची."

"आणि नाही झालं तर?"

"दरवर्षी होतं की."

"गेल्या साली तिनं अर्धं खाचर सोडून दिलं होतं. तुला बोलली नाही ना? मला म्हणाली, पोरगी शहरात सुखानं जेवतेय, जेवू दे."

मी चटईची सुटलेली काडी ओढत राहिले.

"आमच्याकडे पाणी गोडं आहे. माझ्या बांधाला लागून एक खाचर मोकळं पडलंय. दे तरवा मला."

"तो आईचा आहे, मावशी."

"म्हणजे आमच्या गुलामाचा. मग आमचाच की!"

या वेळी कुणी हसलं नाही.

"आणि आईचं खाचर?" मी विचारलं.

मावशीनं कोलाची एक बी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी एक जुडी मी आईच्या खाचरात लावून पाहिली. दोन-चार दिवसांत शेंडे करपले. ते हातात घेऊन बांधावर बराच वेळ बसले, आणि मग मावशीला निरोप धाडला.

मावशी होडी घेऊन आली. तरवा मीच उपटला. मुळं पावसाच्या पाण्यात धुतली, जुड्या बांधल्या, ओल्या गोणपाटाखाली होडीत रचल्या. भरती लागल्यावर निघायचं होतं, म्हणजे वल्ही कमी मारावी लागतात. खारफुटीची मुळं बुडाली आणि चिखलात रुतलेली होडी आपोआप उचलली गेली. आईच्या खाचरात मीठ घालणारं पाणीच तिचा तरवा वर नेऊ लागलं.

"कापणीला ये गं!" मावशी होडीतून ओरडली. "विळा तुझा तू आण. गुलामांना आम्ही विळे देत नाही!"

अशा वेळी उत्तर न देणं म्हणजे नातं तोडणं. आजवर ते आई द्यायची. होडी वळणाला लागली तेव्हा कुठं मी ओरडले, "आणते! आणि भाताच्या पेंढ्याही मोजून घेते! चोरांचं गाव तुमचं!"

आवाज आईसारखा निघाला नाही. पण पाण्यावरून मावशीचं हसणं ऐकू आलं, मग ते मध्येच थांबलं.

पाणी बांध ओलांडून रिकाम्या खाचरात शिरत होतं. मी चपला हातात घेतल्या आणि घराकडे चढू लागले.