सतरा नंबरची खाट

तिचं पत्र येऊन अकरा वर्षं झाली. मी उत्तर दिलं नाही. पत्र शब्दकोशात ठेवलं होतं. कुठलाही शब्द शोधायला गेलो की नेमकं तेच पान उघडायचं आणि मी कोश मिटून टाकायचो.

'मी तुमच्या अनाथालयात होते, खाट नंबर सतरा,' असं तिने लिहिलं होतं. 'माझ्या हातात एक लहान हात असायचा, एवढंच आठवतं. माझ्यासोबत कुणी आलं होतं का?'

मी तिथे कारकून होतो. जुन्या नोंदवहीला वाळवी लागली, तारखांचा रकाना तर पार गेला. म्हणून मी ती नव्या वहीत उतरवली, अक्षर अगदी घोटून. शोधायला सोपं जावं म्हणून नावं अकारविल्हे लावली. समासात काही नावांना जोडणारे लाल पेन्सिलीचे कंस होते. तपासनिसाच्या खुणा असतील असं समजून ते गाळले आणि जुनी वही जाळली.

"अहो, ते कंस सख्ख्या भावंडांचे!" दाईबाई नंतर म्हणाल्या. "भिंतीवर खाटांच्या नंबरांनाही तशीच लाल रेघ असते. कधी मान वर करून बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. आडनाव तर संस्थेने सगळ्यांना एकच दिलेलं. पत्र आलं तेव्हा अनाथालय बंद पडलं होतं, दाईबाईही वारल्या होत्या, पण भिंत जागेवर होती. जाऊन बघायचं धाडस झालं नाही. रेघ दिसली असती, तर माझी चूकही दिसली असती.

परवा कळलं, इमारतीचं हॉटेल होतंय. तेव्हा कुठे गेलो.

"काका, खोली बघायला आलात?" मुकादम हसला. "पाहुणे पुढच्या महिन्यापासून!"

"भिंत बघायची होती."

"भिंती ढीगभर आहेत. कुठली बांधून देऊ?"

तरी वर घेऊन गेला. सगळीकडे पांढरं. एका कोपऱ्यात मात्र जुन्या भिंतीचा तुकडा काचेआड ठेवलेला. "मालकांना जुनं आवडतं," तो म्हणाला. एक ते सहा नंबर. तीन आणि चारला लाल रेघ.

"आणि सतरा?"

"ती बाजू गेल्या आठवड्यात खरवडली. चार दिवस आधी यायचं ना, काका!"

चार दिवस.

घरी येऊन लिहिलं: 'तुमच्यासोबत कुणी होतं का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ते दोन जागी लिहिलेलं होतं. एक मी जाळली. दुसरी वेळेवर पाहिली नाही.'

पत्ता तिचा जुनाच घातला. ती तिथे राहते की नाही, ठाऊक नाही. टपालपेटी रिकामीच असावी; पाकीट तळाशी पडलेलं ऐकू आलं.