पंधरा रोट

श्रावणातल्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसली, गाणी-फुगड्या झाल्या आणि सोमवारी ती वाजतगाजत नदीवर गेली. एका रात्रीची पाहुणी! पण जाताना भागाबाईच्या घरी पंधरा रोट ठेवून गेली, आणि खाणारी तोंडं दोन.

या कुळाचा नेम असा, की घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा शेर गहू मोजायचे, दळून त्यांचे जाड रोट करायचे आणि पुनवेच्या आत संपवायचे. खायचे फक्त घरच्यांनी. शेजाऱ्याला तुकडा नाही, उंबऱ्याबाहेर कणही नाही. एका पुरुषाचे पाच रोट होतात, हे भागाबाईला झोपेतही ठाऊक.

गहू मोजले होते तिच्या नवऱ्यानं, गिरधर आबांनी. मुलगा लीलाधर केळीचा मळा सोडून जळगावला पाइपच्या कारखान्यात लागला, तेव्हा आबांनी बजावलं होतं, या उंबऱ्यात पाय ठेवू नको. त्याला दोन वर्षं झाली. यंदाही मोजायला बसताना ते मोठ्यानं म्हणाले होते, "या घरमा आते एकच गडी शे. मी."

मग पंधरा कसे? पाच आबांचे. पाच लीलाधरचे, हे भागाबाईनं तेव्हाच ओळखलं. उरलेल्या पाचांचं पीठ मळताना मात्र तिचे डोळे भरून आले. जळगावात सात महिन्यांचा एक पुरुष रांगत होता. त्याच्या बारशालाही आबा गेले नव्हते.

पण लगेच बोलेल ती भागाबाई कसली! आबांनी सोमवारी तीन रोट चेपले, मंगळवारी गंगाफळाच्या भाजीशी दोन. तिनं रोज एक खाल्ला. बुधवारी आबांनी ताट सरकवलं. "भूक नही."

"आजून आठ शेतस. उद्या पुनव. मोजतांना हात जड पडना का तुम्हना?"

"गहूच जाडा व्हता."

"मंग शेजारना सुपडूले दी टाकू?"

"कानबाईना रोट? डोकं फिरनं का तुनं?"

"मंग खानाराले घरमा आनना पडी," ती भाजी ढवळत म्हणाली.

आबांनी टोपी चढवली. "पाचोराले जाई येस. पंपना वायसर लेवाना शे."

"वायसर जळगावले चांगला भेटस."

आबा पिशवी उचलून बाहेर पडले.

संध्याकाळच्या एसटीनं ते आले. वायसर नव्हता, कडेवर नातू होता. मागे सून लता आणि लीलाधर. आबा सरळ आत शिरले. लीलाधर उंबऱ्याशीच थबकला.

आबांनी खिरीत भिजवलेला रोटाचा घास नातवाच्या तोंडात घातला. "खाय रे. तुना पाचमातीन दोन तुनी आजीनी खाई टाकात." मग मागं न बघता म्हणाले, "आनि तुना बापले सांग, त्याना पाच तशाच शेतस. मी हात नही लावा."

लीलाधरनं चपला काढल्या.