राजेश्वरीचा अंगठा

चिंचा झोडताना फांदी मोडली आणि राजेश्वरी मानेवर पडली, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून मानेखालचं अंग तिचं राहिलं नाही. सुई टोचली काय, चटका बसला काय, तिला कळायचं नाही. वर्षभर सासरी कसंबसं निघालं, मग नवरा वाल्मिक तिला राळेगणजवळच्या माहेरी आणून सोडून गेला. आता खाणंपिणं, धुणंपुसणं, कूस बदलणं, सगळं आईच्या, लंकाबाईच्या हातावर होतं.

भाऊ हनुमंत सुप्याच्या कारखान्यात कामाला होता. त्यानं खाटेला एक वाकणारा दांडा बसवला आणि त्यात मोबाईल अडकवून दिला. राजेश्वरी बोलायची, मोबाईल लिहून घ्यायचा. नगरच्या एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत तिचं लिहिलेलं छापूनही येऊ लागलं.

पण बोलून लिहायचं म्हणजे घरभर ऐकू जायचं. तिनं एक वाक्य म्हटलं की चुलीपुढून लंकाबाईचं उत्तर ठरलेलं.

"आजोबांनी विहीर खणली, त्या साली..."

"त्यांनी न्हाई, चुलत्यानं खनली."

मोबाईल तेही लिहून घ्यायचा.

एकदा ती म्हणाली, "वाल्मिकनं माझा अंगठा धरला." आत भाकरी थापायचा आवाज थांबला. राजेश्वरीनं वाट पाहिली. शेवटी तिनं मोबाईलला ते वाक्य पुसायला सांगितलं. मग पुन्हा थापण्याचा आवाज सुरू झाला.

दिवाळीच्या सुट्टीत हनुमंतनं मोबाईलमध्ये नवी सोय करून दिली. कॅमेरा तिच्या चेहऱ्याकडे बघायचा. नाक जिकडं वळेल तिकडं पडद्यावरचा ठिपका जायचा, अक्षरावर जरा थांबला की अक्षर उमटायचं. मान भरून यायची. ठिपका 'ल'वर न्यावा तर 'ळ'वर जाऊन बसायचा. दिवसभरात चार ओळी झाल्या तरी पुष्कळ.

"आज बोलत न्हाईस?" लंकाबाईनं विचारलं.

"लिहितीय."

"आवाज न्हाई आला."

"आता लागत न्हाई."

लंकाबाई गुरांकडं गेली.

राजेश्वरीनं लिहिलं ते असं. वाल्मिक सोडचिठ्ठीचा कागद घेऊन आला होता. त्याला दुसरं लग्न करायचं होतं. ती बारावी झालेली, सही येत होती. पण हात उचलत नव्हता. म्हणून त्यानं तिचा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. 'त्याचा हात गरम होता की गार, मला सांगता येणार नाही. शाईचं डबडं आईनं धरलं होतं.'

लिहून झालं त्या दिवशी लंकाबाई खाटेजवळ मटकी निवडत बसली होती.

"काय लिव्हलंस येवढं? मला वाचता येत न्हाई, ऐकीव तरी."

राजेश्वरीला वाटलं, काहीतरी दुसरंच सांगावं. पण तिनं ठिपका वाचायच्या खुणेवर नेला. मोबाईलमधली बाई वाचू लागली, बाजारभाव सांगावा तशी. लंकाबाई खडे काढत राहिली. वाचणं संपलं.

"डबडं न्हवतं," ती म्हणाली. "पॅड हुतं. त्यानंच आनलं हुतं."

"बरं."

"बाकी तसंच झालं."

ती उठली, हात धुतले, राजेश्वरीला डाव्या कुशीवर वळवलं आणि दांडा त्या बाजूला ओढून मोबाईल तिच्या तोंडासमोर आणला. आता रडू येईल, नाहीतर राग तरी, म्हणून राजेश्वरी पडून राहिली. आईही बहुतेक त्याचीच वाट बघत होती. काहीच आलं नाही. मग राजेश्वरीनं 'डबडं' शोधून पुसलं, तिथं 'पॅड' लिहिलं आणि मजकूर पाठवून दिला.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी तो छापून आला. हनुमंतनं दारातच उभ्यानं वाचला, पेपरची घडी घातली आणि ड्युटीवर गेला.

"जेवतीस का?" लंकाबाईनं विचारलं.

"व्हय," राजेश्वरी म्हणाली, आणि तोंड उघडलं.