खाली ठेवलेली थापी

मित्रांनो, मी एक जुनी थापी आहे, गवंड्याची. विटेवर माल पसरायचा, सांधा दाबायचा, जास्तीचा काढून घ्यायचा, एवढंच माझं काम. माझ्या पात्याचं टोक झिजून बोथट झालंय आणि मुठीवर एका अंगठ्याचा खळगा पडलाय. त्या अंगठ्याची ही गोष्ट आहे. गोड नाही. गोड हवी असेल तर आत्ताच पान उलटा.

जिंतूरच्या लोहारानं मला घडवलं आणि भुजंगनं मला घेतलं. येलदरीच्या धरणावर वसाहत बांधायला गेला तेव्हा तो गवंडीकाम शिकला. हात असा सरळ, की ओळंबा न लावता भिंत उभी करायचा आणि मग ओळंबा लावून स्वतःशीच हसायचा. पण गावात त्याच्या वाट्याला गोठे, कुंपणं, विहिरीच्या पायऱ्या. स्वयंपाकघराची भिंत त्याला कुणी दिली नाही. का, ते ठाऊक नसेल तर घरी विचारा, आणि उत्तर देताना मोठ्यांचे डोळे कुठं वळतात ते बघा.

काम मागायची एक रीत होती. गवंड्याचा हात ओळखायचा तर त्याची थापी बघतात. मालक म्हणायचा, थापी बघू. भुजंग मला जमिनीवर ठेवायचा, दोन पावलं मागं सरायचा, मान खाली घालायचा. मग मालक वाकून मला उचलायचा. लोखंडाला विटाळ नव्हता, माणसाला होता.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मागितलं म्हणून आमची वस्ती जाळली. भुजंगचं कुडाचं घर गेलं, माझी मूठ जळाली. मला राखेतून उकरून काढलं ते कडूबाईनं, त्याच्या बायकोनं. बाभळीची नवी मूठ बसवून घेतली आणि त्याला म्हणाली, "आता विटाचं बांधा. जळणार न्हाई असं. चार भिती, बस्स."

त्या चार भिंतींसाठी भुजंग ब्याऐंशीत कुवेतला गेला, मला चादरीत गुंडाळून.

तिथं उतरला तर बोलावणाऱ्या ठेकेदाराचं कामच बंद पडलेलं. महिन्याभरात दुसरा मालक शोधा, नाही तर परत जा, असा हुकूम. परत म्हणजे राखेवर. मजुरांचा एक चौक होता, तिथं भुजंग रोज सकाळी मला घेऊन उभा राहायचा. पहिल्या दिवशी एका मुकादमानं हात पुढं केला. भुजंगनं मला त्याच्या बुटापाशी ठेवलं, दोन पावलं मागं सरला, मान खाली घातली. मुकादम काहीतरी पुटपुटला आणि शेजारच्याला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तेच. सोळा दिवस तेच. भुजंगला वाटलं, आपली जात इथंही कळाली. त्यानं वेगळं आडनाव सांगून पाहिलं. तरी तेच.

हैदराबादचे एक म्हातारे मिस्त्री हे रोज बघत होते. त्यांची बोली भुजंगला परभणीच्या बाजारातून ठाऊक होती. ते म्हणाले, "मियाँ, यहाँ हत्यार नीचे रख्या तो काम छोड्या समझते. तुम रोज काम मांगने आते, और इस्तीफा देको खडे रहते."

भुजंगनं विचारलं, मग द्यायची कशी?

"हात में देव. और कैसा?"

हातात. मित्रांनो, तुम्हाला हसू येईल. पण चाळिशीला आलेला तो गडी त्या म्हाताऱ्यापुढं मला हातात द्यायचा सराव करत होता आणि दर वेळी त्याची पावलं आपोआप मागं सरत होती. दुसऱ्या सकाळी मुकादमानं मला थेट त्याच्या हातातून घेतलं. बोटाला बोट लागलं. काही झालं नाही. आभाळ पडलं नाही. मुकादमानं माझ्या मुठीचा खळगा बघितला आणि म्हणाला, गाडीत बस.

तो देश काही स्वर्ग नव्हता. एका खोलीत नऊ माणसं, पासपोर्ट मालकाच्या कपाटात, उन्हानं पातं भाजायचं. पण आठ वर्षं मला कुणी जमिनीवर ठेवायला लावलं नाही.

नव्वदला तिथं लढाई पेटली. भुजंग मला कमरेला खोचून परत आला, बाकी सगळं तिथंच राहिलं. त्यानं धाडलेल्या पैशांतून घराच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या. कडूबाई म्हणाली, "भिती तुमची वाट बघत व्हत्या. लाजायल्यात, वर येईनात."

पुढच्या विटांसाठी काम हवं होतं. गावात माणिकरावांच्या बंगल्याचं बांधकाम चाललं होतं. ओसरीवर चारदोन माणसं बसलेली. माणिकराव म्हणाले, "आलास व्हय परदेशातून? थापी बघू." भुजंगनं मला सरळ त्यांच्या हाताकडं नेलं. आठ वर्षांची सवय. माणिकरावांचे दोन्ही हात पाठीमागं गेले.

"खाली ठेव."

कुणीतरी हसलं, म्हणालं, अरबाकडं राहून इसरलं जणू. भुजंगनं माझ्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग त्यानं मला खाली ठेवलं. माणिकरावांनी उचललं, निरखलं. म्हणाले, "बरी हाय. उद्यापासून ये. गोठ्याची भित घे."

"मालक," भुजंग म्हणाला, "तिकडं थापी खाली ठिवली की काम सोडलं म्हणत्यात."

आणि तो निघून गेला. मला न घेता.

पुढचं मला कडूबाईकडून कळलं. तो परभणीला गेला. पण थापी नसलेल्या माणसाला गवंडी कोण म्हणणार? दुसरी थापी त्यानं धरली नाही. डोक्यावर मालाच्या पाट्या वाहिल्या. ब्याण्णवला बांधकामाच्या परांचीवरून पडला तो उठला नाही. मग कडूबाई माणिकरावांच्या दारात मला मागायला आली. त्यांच्या बायकोनं, नर्मदाबाईंनी, इकडंतिकडं बघितलं आणि मला तिच्या हातात दिलं. कुणी बघत नव्हतं म्हणून.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठावर बाबासाहेबांचं नाव चढलं. कडूबाईनं मला पुसून भिंतीवर ठेवलं. त्याच दिवशी गावात तिळगूळ वाटत होते, एकमेकांच्या हातात. तिच्या ओंजळीत वरून टाकला.

मित्रांनो, मला तेल लावा, गंज काढा, असं मी मागत नाही. कुणी काही पुढं केलं तर हात मागं नेऊ नका, एवढंच. खाली ठेवायला लावलं की माणूस निघून जातो. कडूबाईच्या भिंती अजून खिडकीपर्यंतच आहेत.