सहा इंच दोन सूत

मी मापाचा टेप बोलतोय. सुतारकामाचा, पोलादी, पाच मीटरचा. सोळा फुटांचा म्हणालात तरी चालेल, फक्त वरचे जवळजवळ पाच इंच मग तुम्ही फुकट सोडलेत. माझ्यावर एक आळ आला होता. तो मला तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही.

कारखान्यात माझ्या पोलादी पट्टीवर आधी पिवळा रंग चढला, मग काळ्या रेघा उमटल्या. वरच्या काठावर इंच, खालच्या काठावर सेंटीमीटर. दोघांचा जन्मापासून छत्तीसचा आकडा. इंच संपतो तिथे खाली एकही रेघ नसते. पंचवीस मिलिमीटर ओलांडून तो मध्येच कुठेतरी थांबतो, साडेपंचवीसच्या जरा अलीकडे. मी काय करणार? दोघांनाही एकाच अंगावर वागवतो. लाकूड मात्र एकच असतं. ते तुम्ही कुठल्याही काठानं मोजा.

मला मिस्त्रींनी विकत घेतलं. मिस्त्री वरच्या काठाचे. इंचाचे आठ भाग, त्यातला एक भाग म्हणजे सूत. "दोन सूत घास," "अर्धं सूत आत घे," असं त्यांचं दिवसभर चालायचं. माझा खालचा काठ त्यांनी वीस वर्षांत एकदाही वाचला नाही.

मग त्यांची लेक शिकून परत आली आणि वर्कशॉपमध्ये संगणकावर चालणारं कापणीचं यंत्र आलं. त्या यंत्राला फक्त मिलिमीटर कळतात. मिस्त्री इंचात बोलायचे, लेक मोबाइलवर त्याचे मिलिमीटर करायची. "बाबा, तुमचे इंच आता म्युझियममध्ये ठेवा," ती म्हणायची. "आधी तुझं यंत्र सरळ खिळा ठोकू दे, मग बघू," मिस्त्री म्हणायचे. दोघंही हसायची. मीही मनातल्या मनात हसायचो.

आता जिन्याचं सांगतो. मिस्त्रींच्या बायकोला, म्हणजे लेकीच्या आईला, दिसत नाही. बारा वर्षं झाली. पण ती घरात कुणाचा हात धरत नाही. वरच्या खोलीत बसून ती खुर्च्यांना वेताची वीण घालते, आणि तिच्यासारखी वीण डोळसांनाही जमत नाही. वर जायला चौदा पायऱ्या. कठड्यालाही हात न लावता ती चढायची, कारण पायरीची उंची तिच्या पायांना पाठ होती.

त्या जिन्याला वाळवी लागली. नवा करायचं ठरलं, पायऱ्या मात्र अगदी जुन्यासारख्याच. मिस्त्रींनी मला पायरीला लावलं आणि लेकीला फोन केला. "सहा इंच दोन सूत. घे लिहून."

तिनं लिहून घेतलं. सहा इंचांचे एकशे बावन्न मिलिमीटर झाले. दोन सुतांचे किती? लहानपणापासून तिनं घरात "सूतभर" हा शब्द ऐकलेला. सूतभर म्हणजे इवलंसं. आणि तिच्या जगात सगळ्यांत इवलंसं काय, तर मिलिमीटर! तिनं दोन मिळवले आणि यंत्राला एकशे चोपन्न सांगितले.

जिना उभा राहिला. तेरा पायऱ्या एकसारख्या, देखण्या. वरच्या मजल्याशी मात्र अडीच इंचांच्या वर कमी पडला, म्हणजे चौदावी पायरी तेवढी उंच. बापलेक तिथंच भांडत उभी राहिली आणि आईला थांबवायचं दोघंही विसरली. ती हौसेनं चढायला लागली. चौदाव्या वेळी तिचा पाय फळीवर आपटला आणि ती गुडघ्यावर पडली.

"तुमचं मापच चुकलं!"

"माझं माप? तुझं यंत्र बघ आधी!"

आवाज चढत गेले. मग लेकीनंच आवाज जरा खाली आणला. "जाऊ दे बाबा. टेप जुना झालाय, ताणला असेल. त्याचा टोकाचा लोखंडी आकडाही खुळखुळतो."

मिस्त्रींनी मान डोलावली. मला त्याचाच जास्त राग आला. तो आकडा हलायलाच हवा असतो, आपल्या जाडीइतका, म्हणजे आतून मोजा की बाहेरून, माप बरोबर येतं. हे त्यांना ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. पण माझ्यावर खापर फोडलं की भांडण मिटत होतं. मिटलं. मी भंगाराच्या डब्यात गेलो.

"तुझा पलंग आता खालीच टाकू," मिस्त्री आईला म्हणाले. "कशाला रोज जीव धोक्यात घालायचा?"

"आणि माझं काम?"

"पुष्कळ केलंस की. बस आता आरामात."

तीन दिवस ती खाली बसून राहिली. मांडीवरचे हात उगीच हलत होते. चौथ्या दिवशी ती उठली. मागच्या दारी जुन्या जिन्याचा सांगाडा पडला होता, त्याच्या पायऱ्यांच्या खाचा तिनं चाचपल्या आणि लेकीला हाक मारली. मिस्त्रीही मागोमाग आले.

"टेप कुठाय?"

"भंगारात टाकला."

"काढ. आणि ही उंची मोज."

लेकीनं मला लावलं. "सहा इंच... पुढं दोन भाग. बाबा म्हणाले तेच."

"आता दुसऱ्या काठावर वाच."

"पंधरा सेंटीमीटर आणि..." ती अडखळली. "आणि जवळजवळ नऊ मिलिमीटर. एकशे एकोणसाठ? मी तर एकशे चोपन्न घातले. बाबा, तुमचं सूत म्हणजे नक्की केवढं?"

"सूत म्हणजे सूत. सुताराच्या पोरीला तेवढं कळू नये?"

"शिकवलंत कधी तिला?" आई म्हणाली. "टेपाला हात लावू दिलात का लहानपणी? आणि तू गं, तोंडानं विचारता येत नव्हतं? आळ घातलात बिचाऱ्या टेपावर, आणि मला बसवलंत कोपऱ्यात."

मिस्त्रींनी मला हातात घेतलं, चष्मा सरसावला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा खालचा काठ वाचू लागले. लेक शेजारी बसून सूत मोजायला शिकत होती. त्या दुपारी मी दोन्ही काठांनी ताठ होतो.

जिन्याच्या बाजू नव्यानं कापल्या. आई पुन्हा खाली उभी राहिली. "धरू का?" मिस्त्रींनी विचारलं. "खबरदार," ती म्हणाली आणि चढली. चौदावा पाय थेट वरच्या मजल्याच्या जमिनीवर पडला. तिनं आत जाऊन वेत भिजवायला घेतला.

आता माझी स्प्रिंग गेली आहे. मला हातानं आत ढकलावं लागतं. पहिले दोन इंच तर पुसूनच गेलेत. नवा टेप आणा, माझी हरकत नाही. जुना झालो म्हणून खुशाल फेका मला. पण चुकीचा म्हणून फेकायला आलात, तर आधी माझ्याजवळ बसा आणि माझे दोन्ही काठ वाचून दाखवा.