दृष्टांतातली येसूबाई

येसूबाईने मांजरीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घट्ट धरलं, ओठाच्या कोपऱ्यातून पिचकारी आत सरकवली आणि हळूच दाबली. पातळ केलेला दूधभात आत गेला तसाच बाहेर आला. टॉवेलावर, साडीवर, तिच्या मनगटावर. मांजरीने आपला एकच उघडा डोळा तिच्यावर रोखला. दुसऱ्या डोळ्यावर अजून टाके होते.

"खा गं बाय. मरशील नाय तर."

मांजरीने तोंड फिरवलं. तिचे यजमान बाळाराम दारात उभे होते. काल आणि परवाही त्यांनी हेच पाहिलं होतं.

ही मांजर मरियमने आणून दिली होती. मरियम बेलापूरला एका वकिलाकडे काम करायची आणि उरलेल्या वेळात सात-आठ जणांना हाताशी धरून जखमी कुत्री-मांजरं वाचवायची. संस्था एवढुशी, ना जागा ना इमारत. म्हणून जनावर बरं होऊन कायमचं घर मिळेपर्यंत ती त्याला कुणाच्या तरी घरी ठेवायची. तिच्या भाषेत ते फॉस्टर, येसूबाईच्या भाषेत पाहुणा. गेल्या वर्षी येसूबाईने तीन पिल्लं दूधभातावर वाढवून दिली होती. मांजर मात्र पहिल्यांदाच आली होती.

तिने मरियमला फोन लावला.

"मावशी, तीन दिवस झाले ना? मांजर एवढं उपाशी राहिलं की लिव्हर जातं. डॉक्टर बोलले, मच्छी उकडून द्या, बिना मिठाची. वासाने तरी खाईल."

"मच्छी?"

पलीकडे मरियमने जीभ चावली. मग घाईघाईने म्हणाली, "सॉरी मावशी, तुमच्या माळेचं ध्यानातच नाही राहिलं. मी दुसरं घर बघते. टेन्शन नका घेऊ, दोन दिवस फक्त काढा."

दोन दिवस. येसूबाईने मांजरीच्या बरगड्यांवरून बोट फिरवलं. एकेक मोजता येत होती.

अकरा वर्षांपूर्वी येसूबाई घणसोलीच्या बाजारात मच्छीची पाटी घेऊन बसायची. भाव करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग बाळारामच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, ते धड घरी आले आणि नवराबायकोंनी एकाच एकादशीला तुळशीची माळ घातली. पाटी जावेला गेली, कोयता भंगारात गेला. तळवलीतल्या त्या घरात तेव्हापासून मच्छीचा वाससुद्धा शिरला नव्हता.

"आता काय करू वो?" तिने बाळारामना विचारलं.

"मना नाय कलत. बुवांना इचार. ते सांगतील तसा कर."

गावच्या देवळात सप्ताह चालू होता आणि शिवरामबुवा तिथेच उतरले होते. त्यांचं कीर्तन येसूबाईने कधी चुकवलं नव्हतं. बुवा हसवत तिथे ती हसायची, रडवत तिथे पदर डोळ्याला लावायची, आणि दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना तेच दृष्टांत शेजारणींना पुन्हा सांगायची. बुवा चहा घेत होते. तिने पायरीवर बसून सगळं सांगितलं.

"माउली, भूतदया म्हणतात ती हीच की," बुवा म्हणाले. "खुशाल करा. चूल बाहेर मांडा, भांडं वेगळं ठेवा. आपल्या जिभेला तेवढं लावू नका, म्हणजे झालं."

"जिभंला कशी लावीन महाराज!" येसूबाईला हसूच आलं. ती भरभर पायऱ्या उतरली.

कोपऱ्यावरच्या ओट्यावर मच्छीवाली राहीबाई पाटी मांडून बसली होती. येसूबाई समोर येऊन उभी राहिली तशी तिने कमरेवर हात ठेवले.

"काय गं माळकरनी, वाट चुकलीस काय?"

"दोन बोईट दे. ताजी दे. मांजरीला पायजेत."

"मांजरीला!" राहीबाईने आजूबाजूच्या बायांकडे पाहून डोळा मारला. "दे गं बाय, दे. सगल्या माळकऱ्यांच्या घरी मांजरच खाते."

बाया हसल्या. येसूबाईनेही हसून घेतलं. मासा हातात घेतल्यावर मात्र तिने कल्ला उचलून आतली लाली पाहिली आणि तो परत पाटीत टाकला. "हा कालचा हाय. मना शिकवतेस?"

परसात तीन विटांवर चूल पेटली. उकिडवी बसून तिने खवले सुरीच्या उलट्या धारेने काढले, पोट चिरून बोट फिरवलं, कल्ले उपटले. अकरा वर्षांनी हात जराही अडखळले नाहीत, याचंच तिला नवल वाटलं. बोईट पाण्यात सोडली. उकळी आली, वर बारीक सोनेरी तवंग धरला आणि वाफ तिच्या तोंडावर आली. त्या वाफेत भरतीचं पाणी होतं, खाडीकाठच्या तिवरांतला चिखल होता, सकाळी बाजारात पहिली पाटी उतरवतानाचा गारवा होता. ती विठ्ठलाचं नाव घेत ढवळत राहिली. ढवळता ढवळता तिने पळीतले चार थेंब डाव्या तळहातावर घेतले आणि जीभ लावली.

आळणी.

तिच्या मनात एवढंच आलं. मिठासाठी ती अर्धवट उठली आणि तशीच वाकलेली थांबली.

पळी विटेवर आपटली. येसूबाईने नळाखाली खळाखळा चुळा भरल्या, पाच, सहा, किती कोण जाणे. दर वर्षी सप्ताहाचा महाप्रसाद तीच रांधायची. पाचशे माणसांची आमटी, पण देवाला दाखवायच्या आधी थेंब चाखायचा नाही. मीठ ती डोळ्याने जोखायची आणि ते कधी कमीजास्त झालं नव्हतं. एवढं वळण लागलेली जीभ आज कशी गेली? बरं, जीभ गेली ती गेली. पण जीव जसा दचकायला हवा तसा दचकला का? तिने छातीवर हात ठेवून पाहिलं. काही उमगेना.

काटे काढून तिने मासा कुस्करला आणि बशी मांजरीपुढे ठेवली. मांजरीने वास घेतला. मग घशातून गुरगुरत, मान हलवत, तिने बशी चाटूनपुसून साफ केली. येसूबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते मांजरीसाठी की कशासाठी, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

मांजरीने खाल्ल्याची बातमी बाळारामनी दुपारीच देवळात नेली. संध्याकाळी कीर्तन रंगात आलं, टाळकऱ्यांचा ठेका थांबला आणि बुवांनी उपरणं सावरलं.

"लांबचे दाखले कशाला हवेत हो? याच गावातली एक माउली. जन्म मासळीत गेलेला. एका मुक्या जिवासाठी तिने पुन्हा मासळी हातात घेतली. चिरली, उकडली, वास नाकात गेला. पण जिभेला थेंब? थेंब लागू दिला नाही! इंद्रियं जिंकायला हिमालयात जावं लागत नाही, मंडळी. परसात तीन विटा पुरतात!"

टाळ कडाडले. बायकांच्या माना वळल्या. शेजारच्या दुर्गाबाईने तिच्या मांडीला चिमटा काढला. "नाव काढलंस गं गावाचं!" पलीकडे पुरुषांत बसलेल्या बाळारामची मान ताठ झाली होती.

उठावं आणि सांगावं, महाराज, असं नाही. येसूबाईने जमिनीवर हात टेकला. आजवर किती दृष्टांत ऐकले, त्यांतल्या बायकांना कधी बोलावंसं वाटलं असेल का, असं काहीतरी वेडंवाकडं तिच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात गजर सुरू झाला आणि सगळ्यांबरोबर तीही टाळ्या वाजवू लागली.

दुसरं घर बघू नको, असं येसूबाईने मरियमला कळवलं आणि पुढचे सहा दिवस परसातली चूल रोज पेटत होती. मांजर अंगाने भरली. चूल विझवून झाली की येसूबाई डावा तळहात पदराला घासून पुसायची आणि मगच घरात यायची.

सातव्या दिवशी मरियम पिंजरा घेऊन आली. टाके निघाले होते आणि बेलापूरच्या एका कुटुंबाने मांजर मागितली होती.

"मावशी, तुम्ही तर हिचं सोनं केलं. आता तुम्हाला पुन्हा असं अडचणीत नाही टाकणार. पुढच्या आठवड्यात कळंबोलीच्या ट्रकअड्ड्यावरून एक कुत्रा येतोय. एकदम साधा. दहीभात खातो. तुमच्यासाठीच ठेवलाय."

येसूबाईने मांजरीला पिंजऱ्यात ठेवलं. कडी लावली. बाळाराम बाहेर गेलेत याची खात्री करून घेतली.

"मरियम, मी चाखलं गं. त्या पयल्या दिवशी. आन् बुवांनी कीर्तनात उलटंच सांगितलं."

मरियम क्षणभर पाहत राहिली. मग तिने येसूबाईचा हात हातात घेतला.

"अहो, ढवळताना चुकून गेलं असेल. आमच्यात रोज्यात विसरून पाणी प्यायलं तर रोजा मोडत नाही. अम्मी म्हणते, अल्लानेच पाजलं समजायचं. तुमचा विठ्ठल काय त्याहून कडक आहे?"

येसूबाई हसली. पहिल्यांदाच एवढ्या दिवसांत तिला मोकळा श्वास घेता आला. मरियम पिंजरा उचलायला वाकली.

"आन् विसरून नाय प्यायलं तर?"

मरियम वाकलेली तशीच थांबली.

"पयल्या दिवशी चुकून झालं," येसूबाई म्हणाली. "बाकीच्या दिवशी नाय."

आत मांजरीने अंग चाटायला घेतलं होतं. पिंजरा उचलून मरियम दारापर्यंत गेली आणि वळली.

"मग मावशी, कुत्राच पाठवू ना?"

"तुला मिलंल तो पाठव," येसूबाई म्हणाली.

रिक्षा निघून गेली. येसूबाई देव्हाऱ्यापुढे आली. मरियम काय पाठवते ते आता विठ्ठलाच्याच हातात होतं. तिने हात जोडले, डोळे मिटले. पण कुत्रा मागावा की मांजर, हे काही केल्या तिला ठरवता येईना.